खांबाशिवाय छप्पर

आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी वापरले जाणारे फुटबॉलचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. त्याच्या चारही बाजूंना पन्नास-साठ हजार प्रेक्षक बसवायचे आहेत. पाऊस आणि हिम यांपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून डोक्यावर छप्पर हवे. पण एकाही प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर खांब येता कामा नये. मग हे छप्पर उभे राहणार कशावर?

हा प्रश्न जर्मनीतील स्थापत्यशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या मार्गांनी सोडविला आहे. त्या देशात १९७४ आणि २००६ साली फुटबॉलच्या विश्वचषक स्पर्धा झाल्या आणि त्यांच्या निमित्ताने अनेक क्रीडांगणे नव्याने बांधली गेली किंवा बदलली गेली. त्यांच्या छपरांकडे पदार्थविज्ञानाच्या नजरेने पाहिले, तर तुमच्या क्रमिक पुस्तकातील ताण, बलांचा समतोल आणि स्थितिस्थापकता हे धडे तेथे प्रत्यक्ष उभे असलेले दिसतील. छप्पर पाहताना एकच प्रश्न विचारायचा : ओझे कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत जाते?

ओझे किती आणि कोणते?

पहिले ओझे हिमाचे. भुरभुरणारे ताजे हिम हलके असते. परंतु ते दबून ओलसर झाले, की त्याची घनता पाण्याच्या एकतृतीयांश इतकी होऊ शकते. अशा हिमाचा ३० सेंटिमीटर जाडीचा थर छपरावर साचला, तर प्रत्येक चौरस मीटरवर १०० किलोग्रॅम वजन पडते. १०० मीटर लांब व ५० मीटर रुंद छपरावर हेच वजन ५०० टन भरेल.

दुसरे ओझे वाऱ्याचे, आणि ते पुष्कळदा उलट्या दिशेने, म्हणजे वर उचलणारे असते. वाऱ्याच्या वेगामुळे निर्माण होणारा दाब ½ × घनता × वेगाचा वर्ग या सूत्राने काढतात. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि वाऱ्याचा वेग सेकंदाला ३० मीटर (ताशी १०८ किलोमीटर) घेतला, तर उत्तर ५४० पास्कल येते. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ५५ किलोग्रॅम वजनाइतके बल! हलके छप्पर एवढ्या बलाने सहज उचलले जाईल. तेव्हा छप्पर खाली पडता कामा नये, तसेच ते वर उडताही कामा नये.

तुळईची अडचण

घराच्या छपराला आपण तुळई घालतो. तुळई वाकते तेव्हा तिचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला थर जवळजवळ रिकामाच राहतो. म्हणजे तुळईतील बराचसा माल पूर्ण कामाला लागतच नाही. शिवाय लांबी वाढली, की अडचण झपाट्याने वाढते. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईच्या मध्यभागी वाकविणारे परिबल लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. लांबी दुप्पट केली, की परिबल चौपट. ते पेलण्यासाठी तुळई जाड करावी, तर तिचे स्वतःचेच वजन वाढते!

यातून सुटण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सारा माल केवळ दाबाखाली ठेवणे, ही कमान. कोलोन शहरात १९९८ साली सुरू झालेल्या बंदिस्त क्रीडागृहावर ७६ मीटर उंचीची पोलादी कमान आहे आणि छप्पर तिला टांगलेले आहे. परंतु दाबाखालचा बारीक भाग मध्येच बाकतो. पातळ फुटपट्टी उभी धरून वरून दाबली, म्हणजे हे लगेच कळते. म्हणून कमान जाडजूड करावी लागते. दुसरा मार्ग, सारा माल केवळ ताणाखाली ठेवणे. ताणलेली दोरी बाकत नाही. ती उलट सरळ होते. पोलादाचा बारीक दोरही अशा वेळी पूर्ण ताकदीने कामाला येतो.

कपडे वाळत घालण्याची दोरी

ताणाचे गणित घरच्या दोरीवर करून पाहू. दोरीच्या मध्यभागी ४ किलोग्रॅम वजनाची ओली चादर एकवटून टांगली आहे आणि दोरीचे दोन्ही भाग आडव्या रेषेशी θ एवढा कोन करतात, असे समजा. दोरीतील ताण T असेल, तर उभ्या दिशेच्या समतोलावरून

२ T ज्या θ = ४ किलोग्रॅम वजन.

कोन ३० अंशांचा असेल, तर T = ४ किलोग्रॅम वजन. दोरी ओढून कोन ५ अंशांवर आणला, तर T सुमारे २३ होतो. कोन १ अंशाचा केला, तर T सुमारे ११५! दोरी अगदी आडवी करायची म्हटले, तर ताण अनंत हवा. अर्थात ते अशक्य आहे. यावरून पहिला धडा मिळतो : ताणावर उभ्या राहणाऱ्या छपराला झोळ किंवा वक्रता हवीच. सपाट छप्पर दोरांना परवडत नाही.

दुसरा धडाही याच दोरीत आहे. वारा खालून आला, तर चादर वर उडते. दोरी फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून वर जाणाऱ्या छपराला ती अडवू शकत नाही. त्याला खाली ओढणारी आणखी एक दोरी पाहिजे.

खिंड, साबण आणि म्यूनिक

घाटातील खिंड डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून रस्ता. डोंगराच्या माथ्यावरून चालत आलात, तर खिंड हा सर्वांत खालचा बिंदू. रस्त्याने चढून आलात, तर तोच सर्वांत वरचा बिंदू. एका दिशेने झोळ आणि तिच्याशी काटकोनातील दिशेने कमान! घोड्याच्या खोगिराचा आकार असाच असतो.

दोरांच्या जाळ्याला हा आकार दिला, म्हणजे दोन्ही अडचणी सुटतात. झोळ पडलेले दोर हिमाचे वजन पेलतात. कमानीसारखे वर आलेले दोर वाऱ्याविरुद्ध छप्पर खाली ओढून धरतात. दोन्ही प्रकारचे दोर आधीपासूनच एकमेकांविरुद्ध ताणून ठेवले, तर जाळे दोन्ही दिशांनी घट्ट राहते.

असा आकार काढायचा कसा? निसर्ग तो क्षणात काढून देतो. तारेची वेडीवाकडी चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून काढा. तिच्यावर जो पातळ पापुद्रा बसतो, त्याचा पृष्ठताण सर्व दिशांना आणि सर्व ठिकाणी सारखा असतो, आणि त्या चौकटीवर ताणता येणाऱ्या आसपासच्या सर्व आकारांत त्याचे क्षेत्रफळ सर्वांत कमी असते. पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखाच असल्यामुळे त्याची एका दिशेची वक्रता काटकोनातील दिशेच्या विरुद्ध वक्रतेइतकीच असावी लागते. म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी ती खिंडच!

जर्मन वास्तुशिल्पी फ्राय ओटो यांनी साबणाच्या पापुद्र्यांचा असा अभ्यास वर्षानुवर्षे केला. स्टुटगार्ट येथे १९६४ साली हलक्या बांधकामांसाठी संस्था सुरू झाली, तिचे ते प्रमुख होते. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकसाठी गुंटर बेनिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुख्य आराखडा केला; त्यातील छपराचा आकार ठरविण्यात ओटो यांचा मोठा वाटा होता, आणि बांधकामाचे गणित फ्रिट्झ लेऑनहार्ट व तरुण योर्ग श्लाइश यांच्या गटाने सांभाळले. उंच पोलादी खांब प्रेक्षकांच्या मागे उभे करून त्यांना दोरांचे जाळे टांगले. जाळ्याचे चौकोन ७५ सेंटिमीटरचे आणि त्यांवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचे तक्ते. सर्व इमारतींवरील या छपराचे क्षेत्रफळ सुमारे ७५,००० चौरस मीटर आहे. छप्पर पारदर्शक ठेवण्यामागे दूरदर्शनच्या रंगीत प्रक्षेपणाचा विचार होता. मैदानावर गडद सावली पडून चित्र बिघडू नये, अशी अपेक्षा होती. १९७४ च्या विश्वचषकाचा पश्चिम जर्मनी विरुद्ध नेदरलँड्स हा अंतिम सामना येथेच झाला.

पण साबणापासून पोलादापर्यंतची वाट सोपी नव्हती. आधी तारांच्या प्रतिकृती केल्या. त्यांचे प्रमाण १ : १२५ होते. आता एक हिशेब करा. ६० मीटर लांबीच्या पोलादी दोरातील प्रतिबल दर चौरस मीटरला ३० कोटी न्यूटन आणि दोराचा यंगचा गुणांक दर चौरस मीटरला १६,००० कोटी न्यूटन आहे, असे धरू. विकृती = ३० ÷ १६,००० = सुमारे ०.००१९. म्हणजे तो दोर ताणाखाली सुमारे ११ सेंटिमीटर लांबतो. उलट, प्रतिकृती मोजताना केवळ १ मिलिमीटरची चूक झाली, तर प्रत्यक्षात ती १२५ मिलिमीटर, म्हणजे १२.५ सेंटिमीटर होते! त्या चुकीने दोर आखूड झाला, तर त्यातील ताण दुपटीहून अधिक होईल. लांब झाला, तर दोर सैल लोंबकळेल.

म्हणून प्रत्येक दोराची लांबी गणकयंत्राने काढणे भाग पडले. स्टुटगार्ट विद्यापीठातील क्लाऊस लिंकविट्झ व जॉन आर्गिरिस यांच्या गटांनी हे काम केले. जाळ्याच्या प्रत्येक गाठीपाशी सर्व ताणांची बेरीज शून्य झाली पाहिजे, ही एकच अट; परंतु गाठी हजारो, तितकीच समीकरणेही हजारो. दोरांनी बांधलेल्या छपरांचा आकार गणकयंत्राने शोधण्याचे शास्त्र या गरजेतूनच पुढे आले.

सायकलचे चाक

म्यूनिकच्या छपराची एक किंमत मोजावी लागते. दोरांची प्रचंड ओढ शेवटी जमिनीत नेऊन बांधावी लागते आणि त्यासाठी जमिनीत भारी नांगर लागतात. ही ओढ छपराच्या आतल्या आतच मिटविता आली तर?

सायकलचे चाक पाहा. त्याचे आरे इतके बारीक असतात, की ते दाबाने लगेच वाकतील. तरी ते आपले वजन पेलतात. कारण सगळे आरे आधीच ताणलेले असतात. आपण सायकलवर बसलो, की खालच्या आऱ्यांतील ताण कमी होतो, पण ते सैल पडत नाहीत. सारे आरे रिमला आत ओढतात आणि रिम दाबाखाली राहते. ओढ आणि दाब यांचा हिशेब चाकातच पुरा होतो; बाहेरून कोणालाही चाक ओढून धरावे लागत नाही.

हेच चाक आडवे करा, मधला हब ताणून मैदानाएवढा मोठा करा, म्हणजे छप्पर तयार झाले. बाहेर दाबाखालचे पोलादी कडे, आत ताणाखालचे दोरांचे कडे आणि दोहोंमध्ये आरे. आऱ्यांवर कापडी पडदा ताणतात. बाहेरच्या कड्यातील दाब काढणे सोपे आहे : आऱ्यांची आतली ओढ कड्याच्या दर मीटरला q आणि त्रिज्या R असेल, तर दाब = q × R. दर मीटरला १० टन ओढ आणि १०० मीटर त्रिज्या घेतली, तर कड्यात १,००० टनांचा दाब येतो. आता खांबांना फक्त उभे वजन पेलायचे असते, आणि ते खांब प्रेक्षकांच्या मागे उभे राहतात.

स्टुटगार्टच्या क्रीडांगणावर असे छप्पर १९९३ च्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेच्या वेळी योर्ग श्लाइश आणि त्यांचे सहकारी रुडोल्फ बेर्गरमान यांच्या कचेरीने उभारले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीतील जवाहरलाल नेहरू क्रीडांगणावर जे पांढरे छप्पर बसविले गेले, त्याचे तत्त्वही हेच आणि अभियंतेही याच कचेरीचे होते.

मात्र एक अट आहे : कडे अखंड पाहिजे. सायकलच्या रिमला एका ठिकाणी करवतीने कापले, तर चाक राहणार नाही. बर्लिनचे क्रीडांगण १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधले गेले. ती ऐतिहासिक वास्तू असल्यामुळे पश्चिमेच्या मॅरेथॉन दरवाजाची जागा मोकळी ठेवायची होती. २००० ते २००४ या काळात छप्पर घालताना तेथे कडे तोडावे लागले. मग चाकाचे तत्त्व चालेना. म्हणून तेथे प्रेक्षकांच्या सज्जात २० सडपातळ पोलादी खांब उभे केले आहेत. ते वर झाडासारखे फांद्या फोडून छप्पर पेलतात. खांब टाळता येतात की नाहीत, हे असे कड्याच्या एका फटीवर ठरले!

साचलेले पाणी

फ्रँकफर्टच्या क्रीडांगणावरही चाकाच्या तत्त्वाचे छप्पर आहे. मैदानावरचा मधला पडदा घडी घालून मध्यभागी टांगलेल्या डब्यात ठेवता येतो. २९ जून २००५ रोजी तेथे ब्राझील व अर्जेंटिना यांच्यात कॉन्फेडरेशन्स चषकाचा अंतिम सामना चालू असताना मुसळधार पाऊस झाला आणि पडद्यावर साचलेले पाणी एका ठिकाणाहून धबधब्यासारखे मैदानाच्या कोपऱ्यात कोसळले.

ताणलेल्या पडद्याचा हा खरा शत्रू. पाणी थोडे साचले, की पडदा थोडा खाली झुकतो. खळगा झाला, की आणखी पाणी तिकडे धावते; त्याने खळगा आणखी खोल होतो. १० सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलोग्रॅम, वरच्या उदाहरणातील हिमाएवढेच. परिणामच कारणाला वाढवीत नेतो. उपाय दोन : पाणी वाहून जाईल असा उतार आणि खळगा पडू न देणारा पुरेसा ताण.

छपराखालचे गवत

छप्पर पुरे मिटले, तर प्रेक्षक सुखी होतात. पण गवताला ऊन आणि वारा मिळत नाही. गेल्सेनकिर्शेन येथे २००१ साली सुरू झालेल्या क्रीडागृहाचे छप्पर उघडझाप करते, आणि तेथील संपूर्ण मैदानच एका प्रचंड तबकात आहे. गवत, माती आणि तबक मिळून सुमारे ११,००० टन वजन. सामना नसेल तेव्हा हे तबक काही तासांत हळूहळू सरकवून प्रेक्षकांच्या सज्जाखालून बाहेर उन्हात नेतात, आणि आत काँक्रीटच्या जमिनीवर संगीताचे कार्यक्रम होतात. येथे वजन उचलायचे नसून केवळ घर्षणावर मात करायची आहे, म्हणूनच हे शक्य होते.

बाड राइशेनहाल

आतापर्यंत आपण डौलदार छपरे पाहिली. आता एक दुःखद घटना समजून घेऊ.

बव्हेरियातील बाड राइशेनहाल या गावी बर्फावर घसरण्याच्या खेळाचे बंदिस्त क्रीडागृह होते. ते १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेले. २ जानेवारी २००६ रोजी दुपारी चारच्या सुमारास, नाताळच्या सुटीतील मुले आत खेळत असताना, त्याचे छप्पर कोसळले. १५ माणसे दगावली. त्यांत १२ मुले व किशोरवयीन होती.

त्या दिवसांत खूप हिम पडले होते, म्हणून सर्वांचे लक्ष प्रथम हिमाकडे गेले. परंतु चौकशीत आढळले, की छपरावरचे हिमाचे वजन हिशेबात धरलेल्या मर्यादेच्या आतच होते. दोष तुळयांत होता. त्या लाकडी, पेटीसारख्या पोकळ तुळया होत्या. या प्रकारच्या तुळईला १.२० मीटर उंचीपर्यंत मान्यता होती. येथे ती २.८७ मीटर उंच केलेली होती. बांधकामाच्या गणितातही उणिवा होत्या. आणि लाकडाचे भाग ज्या सरसाने जोडले होते, तो दीर्घकाळ दमट हवेत टिकणारा नव्हता.

येथे पदार्थविज्ञान पाहा. बर्फाच्या मैदानावरील छप्पर खालच्या गार पृष्ठभागाकडे उष्णता उत्सर्जित करीत राहते. त्याचा खालचा भाग थंड होतो आणि हवेतील बाष्पाचे त्यावर दव जमते. वर्षानुवर्षे हा ओलावा सांध्यांत मुरत राहतो. आता सरसाचे महत्त्व किती? एकावर एक ठेवलेल्या दोन सुट्या फळ्यांचा ताठपणा एका फळीच्या दुप्पट असतो. त्याच दोन फळ्या घट्ट चिकटविल्या, तर जाडी दुप्पट होते, आणि ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे तो आठपट होतो. म्हणजे तीन-चतुर्थांश ताठपणा केवळ सरसाचा! सरस सुटला, की तुळई दिसायला तशीच राहते. परंतु ती मूळची तुळई उरत नाही. मग एक तुळई खचली, की तिचे ओझे शेजारच्या तुळयांवर जाते आणि त्याही खचतात.

ओझ्याची वाट साखळीसारखी असते. म्यूनिकचा दोर असो की राइशेनहालचा सरस, साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर कडीएवढीच. गणित बरोबर असणे हे अर्धे काम झाले. त्या गणितात गृहीत धरलेला माल तीस वर्षांनंतरही तसाच आहे काय, हे पाहणे हे उरलेले अर्धे. या अपघातानंतर जर्मनीत मोठ्या छपरांच्या नियमित तपासणीवर अधिक भर दिला जाऊ लागला.

करून पाहा

१. दोरीच्या एका टोकाला ताणकाटा बांधा, मध्यभागी १ किलोग्रॅम वजन टांगा आणि झोळ कमी-कमी करीत ताण मोजा. कोन व ताण यांचा आलेख काढा.

२. तारेची चौकट करून तिच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना वर व उरलेल्या दोन कोपऱ्यांना खाली वाकवा. ती साबणाच्या पाण्यात बुडवा आणि पापुद्र्यातील खिंड शोधा.

३. सायकलवर मित्राला बसवून अगदी खालचा आरा बोटाने छेडा. मित्र उतरल्यावर पुन्हा छेडा. आवाजाच्या उंचीत फरक पडतो काय? तारेतील ताण आणि कंप्रता यांचा संबंध आठवा.

४. पुठ्ठ्याच्या दोन सारख्या पट्ट्या प्रथम सुट्या आणि नंतर चिकटवून, दोन पुस्तकांवर टेकवून ठेवा. मध्ये सारखेच वजन ठेवून त्या किती झुकतात ते मोजा. मग चिकटविलेला जोड रात्रभर दमट फडक्यात गुंडाळून ठेवा, नंतर पुरता वाळू द्या आणि पुन्हा मोजा. येणाऱ्या आकड्यांवर शिक्षकांनी वर्गात जरूर चर्चा घडवून आणावी.